नबी अय्यूबच्या झऱ्यावर मोमोला घेऊन

सलालाला जाऊन आलेली माणसं हिरव्या डोंगरांचे फोटो दाखवतात. माझ्याकडे त्या प्रवासाचा एकच फोटो आहे आणि त्यात धुक्याशिवाय काही दिसत नाही. मनवेलने, माझ्या नवऱ्याने, तो काढला तेव्हा त्या धुक्यात खाली कुठेतरी मी उभी होते. हातात मातीने माखलेलं भांडं होतं. मनवेलला मी वर पहाऱ्याला ठेवलं होतं. तो फोटो काढत होता.

पैगंबराच्या कबरीवर कुत्रा घेऊन कोणी जातं का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. जात नाही. हे मलाही माहीत होतं. ओमानमध्ये मी आले ती दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करायला, आणि आता बौशरला माझं स्वतःचं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. परवाना अर्थात अर्बाबच्या नावावर, म्हणजे ज्याच्या सहीवर माझा व्हिसा चालतो त्या ओमानी मालकाच्या. एवढ्या वर्षांत इथे काय चालतं आणि काय चालत नाही हे मी कापडाच्या भावाइतकंच नीट शिकले आहे. तरी गेले. त्याचं कारण मोमो.

मोमो हारादा मॅडमची. त्यांचे यजमान सोहारला पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर होते आणि मॅडम कपडे शिवायला एवढ्या लांबून माझ्याकडे येत. शिलाईत घासाघीस करत नसत, त्यामुळे मला आधी त्यांचा संशयच आला होता. मोमो त्यांनी जपानहून आणलेली. कोल्ह्यासारखं तोंड, पाठीवर गोल वळलेली शेपटी. गळ्यातल्या पट्ट्याला एक छोटी लाल रेशमी पिशवी. मॅडमनी मला एक फोटो दाखवला होता: त्यांच्या गावातलं फार जुनं देऊळ, पांढऱ्या झग्यातला पुजारी, आणि त्याच्यासमोर शहाण्यासारखी बसलेली मोमो. पिशवी तिथलीच, रक्षणासाठी.

"देवाला कुत्रा चालतो?" मी विचारलं.

"आधी दारातल्या दगडी हौदावर हात धुवायचे, हिचे पाय पुसायचे," मॅडम म्हणाल्या. "आणि देवाच्या दारात पहारा देणारे दगडी कुत्रेच असतात. ते काय म्हणणार?"

त्यांची आई आजारी पडली आणि त्या घाईने परत गेल्या, त्या मोमोला माझ्या पदरात टाकून. वसईला आमच्या घरी कुत्रा कायम असायचा. मी नाही म्हटलं नाही.

दोन वर्षांनी मोमोच्या अंगावर चट्टे उठले. केस गळाले, पाठीवर जखमा झाल्या, त्या भरायच्या आणि पुन्हा फुटायच्या. जनावरांच्या डॉक्टरांनी गोळ्या, इंजेक्शनं, साबण सगळं केलं. शेवटी म्हणाले, तिला त्रास देण्यात अर्थ नाही, पुढच्या शनिवारी आणा, झोपवून टाकू. वर म्हणाले, तुम्ही सोडून गेलात तरी चालेल, थांबायची गरज नाही.

ते शेवटचं वाक्य मला लागलं. त्यामागचं दुखणं जुनं आहे. आमची आय गेली तेव्हा मला विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळालं. इनासला, माझ्या थोरल्या भावाला, मी फोनवर रडून सांगितलं की माती माझ्यासाठी थांबव. मी पोचले तेव्हा माती होऊन गेली होती आणि अंगणात खुर्च्या एकावर एक रचत होते. पाऊस होता, फादरना दुसरीकडे जायचं होतं, त्याच्याकडे कारणं पुष्कळ होती. वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला. तो मी अंगणात ओतला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की ह्या घरचं पाणी मी पुन्हा पिणार नाही. माझा शब्द मी मोडत नाही. त्यानंतर मी त्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं.

तर शनिवार ठरला, आणि त्याच संध्याकाळी एक सलालाची बाई झगा न्यायला आली. मोमोला बघून दारातच थांबली, अबाया सावरून लांब झाली आणि सहज म्हणाली, असे फोड नबी अय्यूबला आले होते. आमच्या डोंगरात त्यांची कबर आहे, खाली झरा आहे, त्या पाण्याने त्यांचं अंग बरं झालं. अय्यूब म्हणजे आमचा योब. त्याच्या फोडांची गोष्ट मी लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आले होते. तो इतक्या जवळ, गाडीच्या रस्त्यावर आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मनवेलला सांगितलं तेव्हा तो गॅरेजमधून येऊन हात धूत होता. "रेजिना, तुला तुरुंगात जायचंय का परतीच्या विमानात बसायचंय?" एवढंच म्हणाला. मग गाडीचं तेलपाणी बघायला खाली गेला.

हैमाची वाट

निजवा मागे पडलं, आदम मागे पडलं, आणि जमीन सपाट झाली ती सपाटच राहिली. वसईच्या माणसाला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी लागतं, केळीची वाडी, विहीर, नाक्यावरचा क्रूस. इथे दोन्ही बाजूंना काही नाही, आणि त्या काही नाहीमधून अचानक उंट येतो. उंटाला गाडी धडकली तर पाय मोडतात आणि धड काचेवर येतं, हे मनवेलने मला निघण्याआधी सांगायला नको होतं. मी तासन्‌तास समोर टक लावून बसले. कडेला फुटलेल्या टायरांचे तुकडे दिसले की मला उंटच वाटायचा.

ऊन चढल्यावर इंजिन तापायला लागलं. मनवेलने एसी बंद केला आणि काचा उघडल्या. बाहेरचा वारा इस्त्रीच्या पोटातून यावा तसा आला. मागच्या सीटवर मोमोची जीभ बाहेर लोंबली, डोळे अर्धे मिटले. मी अस्तराचं सुती कापड भिजवून तिच्या अंगावर टाकत होते आणि ते बघता बघता सुकत होतं. शनिवारपासून वाचवायला निघालो आणि तिला वाटेतच मारतो आहोत, असं मनात आलं. राग कोणावर काढावा कळेना, म्हणून मनवेलवर काढला. तो गप्प राहिला. गप्प राहणारा माणूस भांडणात फार त्रास देतो.

हैमाला पेट्रोलपंपाशेजारच्या हॉटेलात केरळी आचाऱ्याने मोमोसाठी बर्फ दिला, परोटे दिले. आमचे घरचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि कोलंबीचं लोणचं मी गाडीतच खाल्लं. तिला सोडून आत जायचा धीर झाला नाही.

थुमरैतचा नाका

सलालाच्या अलीकडे थुमरैतला पोलीस गाड्या थांबवत होते. मोमो चादरीखाली होती. जवान तरुण होता. त्याने मनवेलचे कागद बघितले, मग चादर हलताना पाहिली आणि दार उघडायला सांगितलं. मी चादर काढली. तो दोन पावलं मागे सरला. तो मोमोला घाबरला होता, मी त्याला घाबरले होते, मोमो कोणालाच नाही. तिने जांभई दिली.

मला वाटलं मोमोचे कागद मागेल. लशीचे होते, जपानहून आणल्याचे नव्हते. पण त्याचं लक्ष लाल पिशवीकडे गेलं. "हे काय?"

"तावीज," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

त्याने जवळ न येता मान वाकवून पाहिलं, आजारी आहे का विचारलं, आणि मनवेलच्या हातात कागद देऊन म्हणाला, "यल्ला." म्हणजे निघा. मी चादर पुन्हा मोमोवर ओढली.

सलाला

थुमरैतनंतर वाळवंट संपतं ते कात्रीने कापल्यासारखं. डोंगराच्या अलीकडे तपकिरी, पलीकडे हिरवं, आणि मधे धूसर ओलं धुकं. दिवे लावूनही पुढची गाडी दिसत नव्हती. उताराला मधोमध गाय बसलेली, तिच्या पाठीवर पाण्याचे थेंब. मुंगीच्या पावलाने उतरलो. बाहेर भुरभुर पाऊस, ओल्या मातीचा वास, खाली केळी, पपया, नारळ. मी वसईला आले आहे असं वाटून आयची आठवण आली, आणि लगेच इनासचा रागही आला. दोन्ही माझ्याकडे एकदमच येतात.

शहाळ्यांच्या टपरीवर भाव ऐकून मी भांडले, नारळ काय परदेशातून आणतोस का म्हणून. टपरीवाला मलबारी, हसून म्हणाला, "चेची, तुम्ही कुठून आलात, तेवढ्या लांबून नारळ तर आला नाही ना?" तरी कमी केले. त्या दोन दिवसांत मी निर्धास्त असलेली तेवढीच काही मिनिटं.

खोलीसाठी तीन ठिकाणी कुत्रा म्हटल्याबरोबर नकार मिळाला. चौथ्या ठिकाणी मी कुत्रा म्हटलंच नाही. मोमोला कापडाच्या ताग्याच्या मोठ्या पिशवीत बसवून वर नेलं. मनवेल मॅनेजरशी पावसाविषयी बोलत होता. जिन्यात तिने एक शिंक दिली. मी मोठ्याने खोकले, आणि खोलीत पोचेपर्यंत क्षयरोग झाल्यासारखी खोकतच राहिले.

इत्तीनचा डोंगर

पहाटेची नमाज उरकून माणसं पांगली असतील आणि फिरायला येणारे अजून झोपलेले असतील, अशी वेळ मी साधली. धुकं इतकं की कबरीचं घर दिसण्याआधी लोबानाचा वास आला. मग एक छोटं पांढरं घर, वर घुमट, बाजूला जुन्या मशिदीच्या भिंतींचे अवशेष. कोणी दिसलं नाही. मनवेलला पायवाटेच्या तोंडाशी उभं केलं. कोणी आलं तर शीळ घाल म्हटलं. डोक्यावरून ओढणी घेतली, मोमोची दोरी हाताला गुंडाळली आणि खाली उतरले.

वाट निसरडी होती. झाडांवरून पाणी टपटपत होतं आणि प्रत्येक थेंब मला पावलासारखा वाटत होता. पकडलं तर काय? पोलीस, मग अर्बाबला फोन, मग दुकानाचं शटर. इतक्या वर्षांचं सगळं एका कुत्र्यापायी. हे मला खाली उतरताना सुचलं असं नाही, बौशरहून निघाल्यापासून ते माझ्या शेजारीच बसलं होतं.

झरा बारीक होता, खडकातून येणारा. काठावर एक ॲल्युमिनियमचं भांडं उपडं ठेवलेलं, आल्यागेल्याला पाणी प्यायला. मी ते भरलं आणि मोमोच्या पाठीवर ओतलं. ती शहारली, पण पळाली नाही. दुसऱ्यांदा भरून जमिनीवर ठेवलं आणि ओढणी खोचायला वळले. चपचप आवाज आला. मोमो भांड्यात तोंड घालून पाणी पीत होती.

आणि भांड्यापलीकडे दोन पाय दिसले. अनवाणी, ओले, म्हातारे.

वर पाहायला मला वेळ लागला. पांढरी दाढी, कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, खांद्यावर आडवी काठी. कबरीची झाडलोट करणारा होता, हे नंतर कळलं. शीळ आली नव्हती. तो वरून आलाच नव्हता, खालच्या गुरांच्या वाटेने आला होता. ओरडला असता तर मीही ओरडले असते, ते मला जमतं. तो ओरडला नाही. भांड्याकडे बघत राहिला.

"सात वेळा धुवायचं," तो म्हणाला. दुकानात शिकलेल्या माझ्या अरबीला कळेल असं, सावकाश. "एकदा मातीने."

कुत्र्याने तोंड लावलेलं भांडं त्यांच्यात असं धुतात, हे मत्रहच्या बाजारात मी ऐकलं होतं. भीतीने माझी सवयच पुढे आली. म्हटलं, बाबा, मी नवीन आणून देते, ह्याच्याहून चांगलं, स्टीलचं.

"ह्याला काय झालंय?"

"तीनदा धुते. घासून, लख्ख करून."

"इथे बाजार नाही, बाई. सात."

तो दगडावर बसला. मी मूठभर माती घेतली आणि भांडं आतून चोळलं, झऱ्याखाली धरलं. तो एक म्हणाला. बोटं गार पडली होती, भांडं हातातून निसटत होतं. तिसऱ्यांदा धुताना मोमोने पुन्हा तोंड घातलं. तो बोट वर करून म्हणाला, "एक." मी मातीपासून पुन्हा सुरू केलं. मनातल्या मनात त्याला, मोमोला, हारादा मॅडमना आणि वर फोटो काढणाऱ्या माणसाला शिव्या देत होते. सात झाल्यावर उभी राहिले आणि पोलिसांची वाट पाहू लागले.

त्याने भांडं माझ्याकडून घेतलं, झऱ्याखाली भरलं आणि स्वतः प्याला. घोट घोट, सगळं. मग पुन्हा भरून माझ्यापुढे धरलं. "खलास," म्हणाला.

मी प्यायले. दातांना कळ आली इतकं गार होतं.

मग त्याने मोमोची पाठ लांबूनच, वाकून पाहिली. आजार किती दिवसांचा विचारलं. मी म्हटलं, अय्यूबची गोष्ट आमच्यातही आहे. त्याला बरं वाटलं. अय्यूबने सारं निमूट सोसलं, तो म्हणाला, असा धीर कोणाला जमत नाही.

"आमच्यात तो भांडलाही होता," मी म्हटलं.

"कोणाशी?"

"देवाशीच."

म्हाताऱ्याने भुवया वर केल्या. "मग देवाने काय केलं?"

"ऐकून घेतलं."

तो हसला, दात थोडेच होते. भांड्याने नको, ओंजळीने घाल, म्हणाला, आणि काठी घेऊन वर निघाला. मी ओंजळीने मोमोची सगळी पाठ भिजवली.

वर आल्यावर मनवेल विचारतो, झालं का, इकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही. मी त्याच्या हातात दोरी दिली. हात धुतले, पाय धुतले आणि एकटीच आत गेले. कबर हिरव्या कापडाने झाकलेली होती. आमच्याकडे मेणबत्ती लावतात, इथे काय करतात माहीत नव्हतं, म्हणून नुसती उभी राहिले. मागायच्या दोन गोष्टी घरूनच ठरवून आणल्या होत्या. मोमो बरी व्हावी, आणि इनासने माझ्या पाया पडून माफी मागावी. पण त्या माणसाने माझ्यासमोर ते भांडं तोंडाला लावल्यापासून माझा भाव उतरला होता. मी म्हटलं, दोन्ही जमत नसेल तर मोमो द्या. माफी सोडते. मोमो वाचली तर इनासच्या घरचं पाणी पिईन. ह्याच्याखाली मी येणार नाही.

बौशर, आणि नंतर

शनिवारी मी मोमोला डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवलं. त्यांनी सुई तयार ठेवली होती. पाठ पाहिली, चष्मा बदलून पुन्हा पाहिली. म्हणाले, इथे नवी कातडी धरते आहे, सलालाची थंड हवा मानवली असेल, किंवा औषध उशिरा लागू पडलं असेल. आठवडाभर थांबू. मी वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी आणखी एक आठवडा मिळाला, मग आणखी एक. नाताळपर्यंत तिच्या पाठीवर केस आले होते, पूर्वीपेक्षा जरा भरड.

म्हणजे आता देणं माझं होतं. मी टाळाटाळ केली, सौद्यात मुदत ठरली नव्हती. पण मोमो दुकानात ऊन शोधत फिरायची आणि तिची ती पाठ रोज माझ्यासमोर असायची. मे महिन्यात वसईला गेलो तेव्हा मी मनवेलला न सांगता इनासच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

तो ओट्यावर होता. केस पांढरे झाले होते. वहिनीने पेला आणला आणि हात लांब करून धरला, मी ओतणार ह्या अंदाजाने बाजूला सरून. मी पेला घेतला आणि अंगणातल्या नळापाशी बसले. केळीच्या बुंध्याची मूठभर माती घेऊन तो आतून चोळला.

"बाय, अगं स्वच्छ आहे तो," इनास म्हणाला.

"मला माहीत आहे."

वहिनी रागाने आत निघून गेली. तिच्या घरचं भांडं मी घाण समजते असं तिला वाटलं. वाटू दे. मी धूत राहिले. थोड्या वेळाने इनास ओट्यावरून उतरला आणि पायरीवर येऊन बसला.

"किती वेळा धुणार?"

"सात."

"मग आता पाच झाले," तो म्हणाला.

माफी त्याने मागितली नाही, आणि ती सौद्यात नव्हती. सहा झाले, सात झाले. मी पेला नळाखाली भरला आणि आधी त्याच्यापुढे धरला. माझ्याकडे बघत तो अर्धं पाणी प्यायला. उरलेलं मी प्यायले.